पैसे आले, पण शेअर द्यायला जागाच नाही: अधिकृत भांडवल आणि भागधारकांचे हक्क करारात कसे बांधायचे

शुक्रवारी संध्याकाळी एका तरुण उद्योजकाचा फोन आला. "सर, इन्व्हेस्टरचे पैसे सकाळीच जमा झाले. शेअर सर्टिफिकेट कधीपर्यंत देता येईल?" मी मेमोरँडम, म्हणजे कंपनीची सनद, मागवून भांडवलाचं कलम पाहिलं. अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचे शेअर काढता येतात ती मर्यादा, दहा लाख, आणि दहाच्या दहा लाखांचे शेअर आधीच वाटलेले. नवा एक शेअरही देता येणार नव्हता. त्यातून पैसे कंपनीच्या रोजच्या चालू खात्यात आले होते आणि दुपारपर्यंत त्यातून पगारही झाले होते. हातातल्या चाळीस पानी भागधारक करारात हक्कांची रेलचेल होती, पण ते हक्क ज्या शेअरवर उभे राहायचे ते शेअर अस्तित्वातच नव्हते.

कंपनी सेक्रेटरीच्या कामात ही चूक मला वारंवार दिसते. म्हणून कंपनी कायदा २०१३ खालच्या खासगी मर्यादित कंपनीत भांडवल वाढवण्यापासून हक्क आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, नोंदवण्यापर्यंतचं काम कुठल्या क्रमाने करायचं, ते इथे लिहितो. धरून चालायचा मुद्दा एकच: करार हे साठेखत आहे. आर्टिकल्समध्ये आणि भागधारकांच्या नोंदवहीत उतरेपर्यंत कंपनीच्या दप्तरी फेरफार झालेला नसतो.

आधी आकडेमोड

पुण्याजवळच्या एका काल्पनिक कंपनीचं उदाहरण घेऊ. प्राजक्ता आणि सुहास फवारणी यंत्रं बनवतात. अधिकृत भांडवल १० लाख रुपये, म्हणजे १० रुपयांचे १,००,००० समभाग. त्यातले ८०,००० वाटलेले आहेत: प्राजक्ताकडे ४८,००० आणि सुहासकडे ३२,०००. गुंतवणूकदार १ कोटी रुपये घालणार आहे, आणि पैसे येण्यापूर्वीचं कंपनीचं मूल्य ४ कोटी धरायचं ठरलं आहे.

वरवरचा हिशोब सोपा आहे. ४ कोटी भागिले ८०,००० म्हणजे शेअरला ५०० रुपये. १ कोटीचे २०,००० शेअर झाले, एकूण १,००,०००. अधिकृत भांडवलात अगदी फिट बसलं, असं वाटतं.

आता टर्म शीट, म्हणजे मुख्य अटींचा प्राथमिक कागद, नीट वाचा. त्यात कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के ईसॉपचा, म्हणजे त्यांना पुढे द्यायच्या शेअरचा, साठा मागितला आहे, आणि तो पैसे येण्यापूर्वीच्या ४ कोटींतच धरायचा आहे. या एका वाक्याने चित्र पालटतं. गुंतवणूकदार २० टक्के, ईसॉप १० टक्के, म्हणजे संस्थापकांचे ८०,००० शेअर हे ७० टक्के झाले. एकूण आकडा १,१४,२८६ होतो, गुंतवणूकदाराला २२,८५७ शेअर जातात आणि ईसॉपला ११,४२९. शेअरची किंमत ५०० वरून ४३७ रुपये ५० पैशांवर आली. ४ कोटी हा आकडा दोघांच्याही तोंडी तोच राहिला, तरी घास संस्थापकांच्या ताटातून गेला. हाच साठा पैसे आल्यानंतर काढला असता तर ११,१११ शेअर लागले असते आणि गुंतवणूकदारही २० वरून १८ टक्क्यांवर आला असता. वाटाघाटीत भांडायचं ते इथे. लोक मात्र मूल्यांकनाच्या गोल आकड्यावर भांडत बसतात.

दुसरी मेख शेअरच्या प्रकाराची. गुंतवणूकदाराला साधे समभाग नको असतात. त्याला सक्तीने समभागात रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर (लाभांशात आणि परतफेडीत समभागांच्या आधी मान असलेले) हवे असतात, ज्यांना सगळे सीसीपीएस म्हणतात. प्राजक्ताच्या मेमोरँडममध्ये सगळं भांडवल समभागांचं आहे, त्यामुळे प्रेफरन्स शेअरसाठी शून्य जागा. शिवाय उद्या त्या शेअरचं रूपांतर होईल तेव्हा समभागांच्या बाजूलाही तेवढी जागा लागेल. म्हणून जागा दोनदा मोजायची.

समभागांच्या बाजूला ८०,००० अधिक ११,४२९ अधिक २२,८५७, म्हणजे १,१४,२८६. प्रेफरन्सच्या बाजूला २२,८५७. करारात घसरणीपासून संरक्षण देणारं कलम, म्हणजे पुढे कमी किमतीत शेअर निघाले तर गुंतवणूकदाराला भरपाई म्हणून जास्त समभाग देणारं, असेल तर आणखी जागा ठेवा. गुंतवणुकीची पुढची फेरी निम्म्या किमतीत झाली आणि कलम पूर्ण भरपाईचं असलं, तर त्याच २२,८५७ प्रेफरन्सचे ४५,७१४ समभाग होतील. मी असतो तर समभाग २० लाखांचे आणि प्रेफरन्स ५ लाखांचे, असं २५ लाखांचं अधिकृत भांडवल करून घेतलं असतं. फार मोठा आकडा ठेवून मिरवण्यात अर्थ नाही, कारण त्यावर कंपनी रजिस्ट्रारची फी आणि मुद्रांक शुल्क दोन्ही लागतात. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून आर्टिकल्सवरचं शुल्क भांडवलाच्या ०.३ टक्के आहे, कमाल १ कोटी. १५ लाखांच्या वाढीवर साधारण साडेचार हजार.

जाता जाता: कमाल शुल्क एकदा भरल्यावर पुढच्या प्रत्येक वाढीला ते पुन्हा भरायचं का, हा वाद नॅशनल ऑरगॅनिक केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्र सरकारचं म्हणणं फेटाळलं. आपल्यासारख्या छोट्यांना त्याचा उपयोग नाही, पण मोठ्या समूहातल्या कंपनीचं काम करत असाल तर लक्षात ठेवा.

भांडवल वाढवण्याची पायवाट

आधी आर्टिकल्स उघडा. कलम ६१ प्रमाणे भांडवल वाढवण्याचा अधिकार आर्टिकल्समध्ये असावा लागतो. नसेल तर आधी विशेष ठरावाने (ज्याला किमान तीनचतुर्थांश मतं लागतात) तो घालून घ्या. मग संचालक मंडळाची बैठक, तिथे सर्वसाधारण सभा बोलावण्याचा ठराव, आणि २१ पूर्ण दिवसांची नोटीस. नोटिशीचा आणि सभेचा दिवस यात धरत नाहीत. भागधारक दोघेच असतील आणि दोघेही राजी असतील तर कमी मुदतीच्या नोटिशीला लेखी संमती घेऊन काम उरकता येतं.

भांडवलवाढीला साधारण ठराव (निम्म्याहून जास्त मतांचा) पुरतो, मात्र आर्टिकल्समध्ये वेगळं लिहिलेलं नाही ना ते पाहा. ठरावाच्या मसुद्यात नुसतं "भांडवल २५ लाख करण्यात येत आहे" लिहून थांबू नका. १० रुपयांचे २,००,००० समभाग आणि १० रुपयांचे ५०,००० प्रेफरन्स शेअर, अशी फोड मेमोरँडमच्या भांडवल कलमात उतरली पाहिजे. त्यानंतर ३० दिवसांत रजिस्ट्रारकडे एसएच-७ फॉर्म. तो मंजूर होऊन पोर्टलवर नवा आकडा दिसेपर्यंत वाटपाच्या मागे लागू नका. अधिकृत मर्यादेबाहेर केलेलं वाटप कायद्यापुढे टिकत नाही.

करारात हे काम पैसे येण्यापूर्वीच्या अटींमध्ये बसवायचं. प्रत्यक्षात करार इंग्रजीतच होतात, पण आशय असा हवा (समापन दिन म्हणजे पैसे घेऊन शेअर द्यायचा दिवस):

"समापन दिनापूर्वी कंपनी तिचे अधिकृत भांडवल परिशिष्टात दर्शविल्याप्रमाणे वाढवील, त्यासंबंधीचे सर्व ठराव संमत करून रजिस्ट्रारकडे दाखल करील आणि त्याची पोच गुंतवणूकदारास देईल. या करारान्वये द्यावयाचे सर्व शेअर, तसेच त्यांच्या रूपांतरानंतर द्यावयाचे समभाग, यांसाठी पुरेसे न वाटलेले अधिकृत भांडवल कंपनी सदैव राखून ठेवील. भांडवल वाढविण्यासाठी आवश्यक त्या ठरावाच्या बाजूने मतदान करण्यास संस्थापक बांधील राहतील."

शेवटचं वाक्य बहुतेक मसुद्यांत सुटतं. कंपनीने कबूल केलं तरी भांडवल वाढवायला मतं भागधारकांची लागतात. संस्थापकांनी व्यक्तिशः हात वर करायचं कबूल केलं नसेल, तर भांडणाच्या वेळी ते सभेलाच येणार नाहीत.

पैसे कुठल्या वाटेने घ्यायचे

वाटा मुख्यतः दोन. आहेत त्याच भागधारकांकडून प्रमाणात पैसे घ्यायचे असतील तर हक्कभाग, कलम ६२. ही ऑफर किमान ७ आणि कमाल ३० दिवस खुली ठेवावी लागते. खासगी कंपनीत ९० टक्के सदस्यांनी लेखी संमती दिली तर ही मुदत कमी करता येते. बाहेरच्याला शेअर द्यायचे असतील तर खासगी वाटप, म्हणजे कलम ४२ आणि ६२ एकत्र. त्याला विशेष ठराव आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो.

खासगी वाटपात क्रम चुकला की दंड. विशेष ठराव झाला, की आधी तो एमजीटी-१४ फॉर्मने रजिस्ट्रारकडे दाखल करायचा. मगच नावानिशी पीएएस-४ हे ऑफर पत्र द्यायचं. पैसे अनुसूचित बँकेतल्या वेगळ्या खात्यात, तेही बँकेमार्फत, रोख नाही. पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत वाटप. ते जमलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, नाहीतर साठाव्या दिवसापासून १२ टक्के व्याज. वाटपानंतर १५ दिवसांत रजिस्ट्रारकडे पीएएस-३, म्हणजे वाटपाचं विवरण. आणि हा पीएएस-३ दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. पगार, भाडं, कच्चा माल, काहीही असो. शुक्रवारच्या फोनमधला खरा गुन्हा हाच होता.

न्यू जर्सीतला मावसभाऊ पैसे घालणार असेल तर परकीय चलनाचे नियम आले. परत नेता येण्याजोगी गुंतवणूक असेल तर वाटपानंतर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर एफसी-जीपीआर हा फॉर्म भरावा लागतो. अनिवासी भारतीयाने परत न नेण्याच्या अटीवर पैसे घातले तर ती गुंतवणूक देशी समजली जाते आणि ही भानगड टळते. घरातलाच माणूस असेल तर पैसे पाठवण्यापूर्वी त्याच्याशी हे बोलून घ्या. नंतर बदलायचं म्हटलं तर जड जातं.

कायदा काय देतो, आणि काय देत नाही

हक्कांची यादी करण्यापूर्वी टक्क्यांचा अर्थ समजून घ्या. १० टक्के भांडवल असेल तर संचालकांना असाधारण सभा बोलवायला भाग पाडता येतं, आणि दडपशाहीविरुद्ध कंपनी न्यायाधिकरणातही जाता येतं. ५० टक्क्यांच्या वर गेलं की साधारण ठराव हातात, त्यात संचालकाला काढणंही आलं. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट लागतात. म्हणजे नेमके २५ टक्के असून ठराव अडत नाही, कारण ७५ ही २५ ची तिप्पट होतेच. अडवायला २५ हून जास्त हवेत. "पंचवीस टक्के आहेत, आता व्हेटो आहे" असं समजणारे बरेच भेटतात.

आता आपल्या कंपनीत पाहा, गुंतवणूकदाराच्या प्रेफरन्स शेअरना समभागांसारखीच मतं दिली आहेत असं धरून. ईसॉप अजून कागदावरच आहे, वाटलेले शेअर १,०२,८५७. प्राजक्ता ४६.६७ टक्के, सुहास ३१.११, गुंतवणूकदार २२.२२. कालपर्यंत एकटीच्या मताने साधारण ठराव करणारी प्राजक्ता आज ते करू शकत नाही. सुहास मात्र एकटा कुठलाही विशेष ठराव अडवू शकतो. गुंतवणूकदाराला कायद्याने यातलं काहीच जमत नाही, म्हणून तो ते कराराने मागतो. उलट सुहास आणि गुंतवणूकदार एकत्र आले तर ५३ टक्के होतात आणि प्राजक्ताला संचालक पदावरून काढू शकतात. स्वतःचं संचालकपद करारात आणि आर्टिकल्समध्ये सुरक्षित करून घेण्याची गरज गुंतवणूकदाराइतकीच तिलाही आहे, हे तिला कोणी सांगत नाही.

टाटा सन्सचं प्रकरण इथे आठवतं. शापूरजी पालनजी समूहाकडे १८.३७ टक्के शेअर होते. किंमत हजारो कोटींत, पण विशेष ठराव अडवण्याइतके नाहीत. सायरस मिस्त्रींना अध्यक्षपदावरून हटवल्याचा वाद २६ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयात संपला, तेव्हा न्यायालयाने सांगितलं की अशा अल्पसंख्य भागधारकाला भांडवलाच्या प्रमाणात संचालक मंडळावर जागा मागण्याचा हक्क कायद्याने आपोआप मिळत नाही. दुसरीकडे सुमारे ६६ टक्के मालकी असलेल्या टाटा ट्रस्टांनी आपल्या संचालकांच्या होकाराशिवाय ठराव होऊ नये, हे आर्टिकल्समध्येच लिहून घेतलं होतं. दोन तृतीयांश मालकी असणाऱ्यांना जे लिहून घ्यावंसं वाटलं, ते वीस टक्केवाल्याने तोंडी शब्दावर सोडू नये.

करारात लिहायचे हक्क

राखीव विषय आधी. कोणकोणती कामं गुंतवणूकदाराच्या लेखी संमतीशिवाय होणार नाहीत याची ही यादी. नवे शेअर काढणं, आर्टिकल्स बदलणं, कंपनी विकणं, ठरावीक रकमेपलीकडचं कर्ज, संस्थापकांच्या नातेवाइकांशी व्यवहार, इथवर योग्य. पन्नास कलमी यादी आली तर कापा. टेम्पो घ्यायलाही परवानगी लागू लागली की कंपनी अडते. आणि दोन गोष्टी घाला: ठरावीक दिवसांत उत्तर आलं नाही तर संमती गृहीत, आणि गुंतवणूकदाराचा हिस्सा ठरावीक टक्क्यांखाली गेला की हा हक्क संपला.

विक्रीच्या वेळचा अग्रक्रम म्हणजे कंपनी विकली गेली तर आधी कोणाला किती. कंपनी ३ कोटींना विकली समजा. साध्या एकपट अग्रक्रमात गुंतवणूकदार एकतर आपले १ कोटी घेईल किंवा २२.२२ टक्के, म्हणजे सुमारे ६६ लाख ६७ हजार. तो अर्थातच १ कोटी घेईल. पण कलमात "आणि उरलेल्या रकमेतही प्रमाणात वाटा" असे शब्द असले, तर तो १ कोटी घेऊन उरलेल्या २ कोटींतही ४४ लाख ४४ हजार घेतो. एक "आणि" ४४ लाखांचा. माझा सल्ला कायम साध्या अग्रक्रमाचा असतो.

घसरणीच्या संरक्षणात पूर्ण भरपाईऐवजी भारित सरासरीचं सूत्र (कमी किमतीत किती शेअर निघाले त्या प्रमाणातच भरपाई देणारं) धरा, आणि ते शब्दांत लिहून सोबत आकड्यांचं उदाहरण जोडा. संस्थापक विकत असतील तर सोबत विकण्याचा आणि आपण विकताना इतरांनाही सोबत विकायला लावण्याचा हक्क, माहिती मिळण्याचा हक्क, पुढच्या फेरीत प्रमाणात भाग घेण्याचा हक्क ही कलमं आता बरीच ठरून गेलेली आहेत. फक्त सक्तीने विकायला लावण्याच्या कलमात किमान किंमत आणि किमान वर्षं घालून घ्या.

पहिल्या नकाराच्या हक्काबद्दल, म्हणजे कोणी शेअर विकायला काढले तर ते आधी आपल्याला देऊ करायला लावण्याच्या हक्काबद्दल, मात्र थांबून सांगतो, कारण त्यात किंमत ठरवण्याची पद्धत न लिहिल्याचा परिणाम महाराष्ट्राने पाहिला आहे. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाकडे २७ टक्के आणि बजाज ऑटोकडे २४ टक्के होते. करारानुसार ज्याला विकायचं असेल त्याने आधी दुसऱ्याला विचारायचं, आणि किंमत आपसात किंवा लवादाने ठरवायची. २००३ मध्ये महामंडळ विकायला निघालं. किंमत जमली नाही. २००६ मध्ये लवादाचा निवाडा आला. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी तो रद्द केला, २०१५ मध्ये खंडपीठाने तो निर्णय फिरवला, आणि शेअर बजाज समूहाकडे जायला २०१९ उजाडलं. तुमच्या कलमात म्हणून असं काही लिहा:

"विक्रेता त्रयस्थाकडून आलेल्या खऱ्या व लेखी प्रस्तावाची प्रत इतर पक्षांस देईल. तीच किंमत व त्याच अटी मान्य करून ३० दिवसांच्या आत शेअर घेण्याचा हक्क त्यांस राहील. असा प्रस्ताव नसल्यास किंमत उभयपक्षी नेमलेला नोंदणीकृत मूल्यांकक ठरवील व ती अंतिम राहील. मुदतीत हक्क न बजावल्यास विक्रेता पुढील ६० दिवसांत त्याहून कमी नसलेल्या किमतीस शेअर विकू शकेल."

करार आर्टिकल्समध्ये उतरवा

ही पायरी चुकवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या खटल्यात, शेअर विकण्यावरचं जे बंधन आर्टिकल्समध्ये नाही ते कंपनीवरही बंधनकारक नाही आणि भागधारकांवरही नाही, असं ठरवलं. तिथे दोन भावांच्या कुटुंबांमधला जुना समझोता होता, शेअर आपल्याच शाखेत ठेवायचे असा. तो आर्टिकल्समध्ये नव्हता म्हणून हरला. २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वर्ल्ड फोन प्रकरणात व्हेटोच्या कलमाचीही तीच गत केली. वेगळा सूर लावणारे निकालही आहेत, पण आपला पैसा अशा वादावर का लावायचा?

तेव्हा शेअर वाटपाच्या दिवशीच नवे आर्टिकल्स विशेष ठरावाने मंजूर करा आणि ३० दिवसांत एमजीटी-१४ भरा. "भागधारक करारातील तरतुदी लागू राहतील" एवढी एक ओळ टाकून भागवू नका, कलमं शब्दशः उतरवा. कलम ५ खाली काही तरतुदी कुलूपबंदही करता येतात. म्हणजे त्या बदलायला विशेष ठरावापेक्षा कडक अट लागते. मात्र चालू असलेल्या खासगी कंपनीत अशी तरतूद घालायला सगळ्या सदस्यांची संमती हवी, आणि रजिस्ट्रारला कळवावं लागतं. प्रेफरन्स शेअरना समभागांत रूपांतर झाल्यासारखी मतं द्यायची असतील तर तेही आर्टिकल्समध्येच लिहावं लागेल, कारण कायद्याने त्यांना मर्यादित मतं आहेत. त्या शेअरचं आयुष्य २० वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून रूपांतराची शेवटची तारीख त्याच्या आत घाला.

कंपनी स्वतः करारात पक्षकार असावी. नंतर येणाऱ्या प्रत्येक भागधारकाने, ईसॉपवाल्या कर्मचाऱ्यांसह, करार मान्य असल्याच्या जोडपत्रावर सही केल्याशिवाय त्याचं नाव नोंदवायचं नाही, हेही लिहून ठेवा.

वाटपानंतर

वाटपावर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. हा दर १ जुलै २०२० पासून देशभर एकच आहे, आणि तो एकूण किमतीवर, म्हणजे प्रीमियम धरून. आपल्या १ कोटीवर ५०० रुपये. प्रमाणपत्र वाटपापासून दोन महिन्यांत. छोट्या कंपनीच्या व्याख्येत न बसणाऱ्या खासगी कंपन्यांना आता शेअर डिमॅटमध्येच द्यावे लागतात. त्यासाठी आयसिन, म्हणजे डिमॅटमधल्या शेअरचा ओळख क्रमांक, काढायला वेळ जातो, म्हणून हे काम करार सुरू असतानाच हाती घ्या. शेवटी एमजीटी-१ या सदस्य नोंदवहीत नोंद.

शुक्रवारच्या त्या कंपनीत संस्थापकांनी घरून उसने आणून पगाराचा खड्डा भरला आणि सगळी रक्कम परत पाठवली. मग भांडवल वाढलं, वेगळं खातं उघडलं, ऑफर पत्र गेलं, आणि त्याच गुंतवणूकदाराचे तेच पैसे पुन्हा आले. मधल्या काळात त्याच्या वकिलाला करार पुन्हा वाचायला सवड मिळाली होती, आणि राखीव विषयांच्या यादीत आणखी चार कलमं वाढली होती.